मागे जोडलेली गाडी

आमचे धाकटे बंधू गेली पस्तीस वर्षे अमेरिकेत आहेत. गतवर्षी ते नोकरीतून मोकळे झाले आणि ज्या वयात आपल्याकडील माणसे चारधामाच्या चौकशा करू लागतात, त्या वयात त्यांनी एक मोटारघर विकत घेतले. मोटारघर म्हणजे बसएवढी गाडी. तिच्यात निजावयाची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी असा सगळा संसार मांडलेला असतो. या घरातून वर्षभर तो देश पाहत हिंडावयाचे असा त्यांचा बेत आहे. मागच्या महिन्यात त्यांचे पत्र आले. "दादा, घर तर झाले. आता घरामागे बांधून न्यायला एक लहानशी पिकअप हवी आहे. चारही चाके जमिनीवर ठेवून ओढायची. कोणती घ्यावी? तुझा जन्म गाड्यांत गेला म्हणून तुला विचारतो. हिची काही हरकत नाही."

आमचा जन्म गाड्यांत गेला हे खरे. पण त्या गाड्या निराळ्या. अंबरनाथ आणि जबलपूर ही ठाणी करून आम्ही आवडीच्या अवजड वाहन कारखान्यात आलो आणि तेथूनच निवृत्त झालो. १९६५ साली पहिला 'विजयंत' रणगाडा बाहेर पडला तो याच कारखान्यातून. सहलीस जाताना रणगाडा कोणी घरामागे बांधून नेत नाही. तथापि प्रश्न आला की त्याची फाइल उघडावयाची हा सरकारी नोकराचा धर्म आहे आणि तो निवृत्तीनंतरही सुटत नाही. आम्ही फाइल उघडली.

प्रथम गरज तपासली. मोटारघर मुक्कामी पोहोचले की ते खरोखरीच घर होऊन बसते. त्याला पाण्याची नळी जोडावयाची, विजेची तार जोडावयाची, पाय टेकवून ते समपातळीत आणावयाचे. एवढे सोपस्कार झाल्यावर सायंकाळी दूध संपल्याचे ध्यानात आले तर दुधासाठी सगळे घर उठवून बाजारात न्यावे लागते. म्हणून बरोबर एक लहान गाडी हवी. ही युक्ती काही अमेरिकेने नव्याने शोधून काढलेली नाही. साहेबाच्या अमदानीत कलेक्टरचा डेरा जिल्ह्यात फिरे, तेव्हा तंबू आणि दप्तर बैलगाड्यांवरून चाले आणि खेड्यापाड्यांतून हिंडावयास साहेबाचा घोडा बरोबर असे. रेल्वेचा अधिकारी सलूनमधून फिरतीवर निघाला तरी रूळ तपासताना तो ट्रॉलीवर उतरतो. मोठे वाहन मुक्कामाचे आणि लहान वाहन कामाचे, ही विभागणी जुनीच आहे.

यानंतर नियम पाहिले. आपल्याकडे रस्त्यावरील वाहतुकीचे जे नियम १९८९ साली झाले, त्यांत बिघडलेली किंवा अपुऱ्या जुळणीची गाडी, नोंदलेला ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज काही ओढून नेण्यास मोकळीक नव्हती. ओढणाऱ्याने ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा अधिक अंतर असू नये आणि मागच्या गाडीची पुढील चाके उचललेली नसतील तर तिच्या चक्राशी परवानाधारक मनुष्य बसलेला असावा, असा दंडक होता. २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण ओढणे ही आजारी गाडीची सोय आहे ही दृष्टी बदलली नाही. आमचे ड्रायव्हर लोक ज्याला 'टोचन' म्हणतात ते आपण संकटातच करतो. अमेरिकेत धडधाकट गाडी चक्राशी कोणी न बसता शेकडो मैल ओढून नेली जाते. निरोगी मनुष्याला स्ट्रेचरवर घालून सहलीला न्यावे तसा हा प्रकार आम्हांस प्रथम वाटला.

पिकअप म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे येतो तो आमच्या सज्जातून दिसणारा रस्ता. पाण्याचे कॅन, केळीचे घड, लग्नाच्या मांडवाचे बांबू, भाडेकऱ्याचे कपाट हे सारे त्या रस्त्याने चिमुकल्या मालगाड्यांतून जात असते. पुण्याच्या कारखान्यातून २००५ साली आलेल्या टाटांच्या 'एस'ला मराठी मुलखात लोक छोटा हत्ती म्हणतात आणि येथे कुट्टी यानै म्हणतात. अर्थ अगदी एकच. चेन्नईच्या अशोक लेलँडनेही २०११ साली आपला 'दोस्त' याच धंद्यात उतरविला. पण या झाल्या कष्टकरी गाड्या. बंधूंना हवी होती ती मोटारीसारखी आरामशीर आणि मागे माल टाकण्यास हौदा असलेली पिकअप. तीही जात आमच्या परिचयाची आहे. चेन्नईच्या उत्तरेस आंध्रच्या हद्दीतील श्री सिटी येथे २०१६ पासून इसुझूचा कारखाना तसल्या पिकअप बनवितो.

गाडी निवडताना आपण काय पाहतो? इंजिनाची ताकद, तेलाचा खर्च, बसण्याची सोय. ओढून न्यावयाच्या गाडीच्या बाबतीत हे सगळे दुय्यम ठरते. तेथे पहिला प्रश्न हा की, स्वतःचे इंजिन बंद असताना दुसऱ्याच्या जोरावर चाके फिरली तर तिला इजा होते की नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. मागच्या चाकांना गती देणाऱ्या साध्या गिअरबॉक्समध्ये खालचा दात्यांचा दांडा तेलात बुडालेला असतो. इंजिन चालू असले की तो फिरतो आणि तेल उडवून वरच्या भागांना न्हाऊ घालतो. गाडी ओढली जात असताना चाकांकडून फिरतो तो वरचा दांडा. इंजिनाशी बांधलेला खालचा दांडा स्वस्थ असतो. तेल तळाशी राहते आणि वरचे भाग कोरडे फिरत राहतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट याहून नाजूक, कारण त्यातील तेलाचा पंपच इंजिनावर चालतो. पन्नास मैलांपर्यंत बाहेरून काही कळत नाही. आवाज नाही, धूर नाही. दोनशे मैलांनंतर उतरून किल्ली फिरवावी तो गिअरबॉक्स जळालेला.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गिअरच्या लहान मोटारी पुष्कळदा या संकटातून सुटतात; चाकांकडील मोठे दातेरी चक्र त्यांच्यात गिअरबॉक्सच्या पेटीतच तेलात बुडालेले असते आणि चाकांबरोबर फिरून तेल उडवीत राहते. पिकअप मात्र बहुधा मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांच्यापैकी ओढण्यास योग्य ठरतात त्या चार चाकांना गती देणाऱ्या आणि ज्यांच्या ट्रान्सफर केसला स्वतःचे न्यूट्रल आहे अशा. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली गती पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी पेटी. ती न्यूट्रलमध्ये टाकली की चाके गिअरबॉक्सपासून पूर्ण तुटतात. चाके खुशाल फिरोत, गिअरबॉक्सला त्याची वार्ताही नसते. जीपची 'ग्लॅडिएटर' ही पिकअप या प्रकारची आहे. शेव्हरोलेच्या 'कोलोराडो'ची गंमत अशी की, तिची चार चाकी गतीची, दुपदरी ट्रान्सफर केसची गाडी ओढता येते आणि तीच गाडी दोन चाकी गतीची घेतली तर ओढता येत नाही. नाव एक, रूप एक, प्रकृती भिन्न. म्हणून आम्ही बंधूंना लिहिले की, दुकानदाराचे ऐकू नका, जाहिरात वाचू नका. गाडीच्या खणात जे पुस्तक असते त्यातले ओढण्याविषयीचे प्रकरण, आणि तेही त्याच सालच्या गाडीचे, आधी वाचा.

पुढे वजनाचा हिशेब आला. मोटारघराच्या मागील आकड्याची मर्यादा बंधूंनी कळविली होती ५,००० पौंड. ग्लॅडिएटरचे वजन सुमारे ४,६५० पौंड. आम्ही "योग्य" असा शेरा मारून मोकळे झालो आणि कागद टेबलावर ठेवून फिरावयास गेलो. परत येतो तो आमच्या शेऱ्याखाली पेन्सिलीने एक वजाबाकी मांडलेली. अक्षर सौभाग्यवतींचे.

"अहो, आकडा किती पेलतो आणि जोडी मिळून किती पेलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "भावजींनी दोन्ही आकडे लिहिलेत. तुम्ही एकच वाचलात."

खरोखरीच पत्राच्या मागील बाजूस ते होते. घर आणि त्यामागची गाडी मिळून २६,००० पौंडांची मर्यादा. भरलेल्या घराचे वजन २१,६००. उरले ४,४००. म्हणजे आमची योग्य गाडी २५० पौंडांनी अयोग्य होती.

"मग हलकी गाडी पाहायला सांगू?" आम्ही विचारले.

"कशाला? पाण्याची टाकी भरून निघतात, ती मुक्कामी पोहोचल्यावर भरायला सांगा. एक गॅलन पाण्याचे आठ पौंडांच्या वर वजन होते. चाळीस गॅलन कमी घेतले की सव्वातीनशेच्या वर पौंड उतरतात."

पाणी किती जड असते हे चेन्नईच्या गृहिणीला शिकवावे लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेंबरंबाक्कम आणि रेड हिल्स हे जलाशय आटले, तेव्हा टँकरपुढे रंगीबेरंगी घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत आमच्या घरची घागरही होती आणि ती आम्ही उचललेली नव्हती. पण त्या वजाबाकीने आम्हांस वेगळीच आठवण झाली. सौभाग्यवती अंबरनाथला एका शाळेत गणित शिकवीत असत. चार वर्षांत मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे वरचे वर्ग सोपविले होते. जबलपूरचा हुकूम आला आणि त्यांनी राजीनामा दिला. जबलपूरला तात्पुरती जागा मिळाली. ती कायम होण्याची चिन्हे दिसू लागली तोच आवडीचा हुकूम आला. येथे शाळेची भाषा तमिळ, घराची मराठी. वर्षभरात त्या शेजारणींकडून आणि भाजीवालीकडून तमिळ शिकल्या आणि ओसरीवर शेजारच्या मुलांना त्रैराशिके घालू लागल्या. त्याबद्दल कोणी पैसे दिले नाहीत आणि त्यांनी घेतले नसते.

त्या प्रत्येक वेळी आम्ही त्यांना विचारले होते का? विचारले होते. "हुकूम आला आहे, तुझी हरकत नाही ना?" असे विचारले होते. सरकारी दप्तरात ना-हरकत दाखल्याची किंमत काय असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो मागितला जातो तेव्हा निर्णय झालेला असतो. बंधूंच्या पत्रातील शेवटचे वाक्य आम्ही पुन्हा वाचले. "हिची काही हरकत नाही."

ओढल्या जाणाऱ्या गाडीविषयी आणखी एक गोष्ट आम्ही या निमित्ताने वाचली होती. अनेक आधुनिक गाड्यांत, इंजिन बंद असताना झालेला प्रवास मैल मोजणाऱ्या तबकडीवर चढत नाही. गाडी विकावयास काढली तर कागदावर ती कमी चाललेली दिसते. टायर आणि बेअरिंगे मात्र झिजलेली असतात. आमच्या सेवापुस्तकात तीन ठाण्यांची नोंद तारखांनिशी आहे. त्या नोंदींवर पगारवाढी मिळाल्या आणि निवृत्तिवेतन बसले. तेवढाच प्रवास सौभाग्यवतींनी केला. त्याची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही. काही गाड्यांच्या पुस्तकांत अशीही सूचना असते की, ओढून नेताना ठरावीक तासांनी थांबावे आणि मागच्या गाडीचे इंजिन थोडा वेळ चालू करून तेल फिरू द्यावे. ओसरीवरची ती त्रैराशिके म्हणजे काय होते हे आम्हांस इतक्या वर्षांनी कळले.

यावर कोणी म्हणेल की संसार म्हटला की एकाने ओढावे आणि दुसऱ्याने मागून यावे, हे चालावयाचेच. आम्हीही असेच म्हणत आलो. आमच्या शहरात पेरांबूरला १९५५ पासून रेल्वेचे डबे बनतात. डबा जन्मतःच ओढला जाण्यासाठी बनविलेला असतो. त्यात इंजिन नसते, म्हणून त्याची हानीही होत नाही. पिकअपला इंजिन असते, हाच काय तो फरक आणि तोच सगळा फरक. पुढे २०१८ साली त्याच पेरांबूरमधून एक निराळी गाडी बाहेर पडली, तिला आता लोक वंदे भारत म्हणतात. तिला पुढे वेगळे इंजिन नाही. त्या पहिल्या गाडीच्या १६ डब्यांपैकी ८ डब्यांखाली मोटारी होत्या. सर्व मिळून गाडी नेतात. डबे बनविणाऱ्यांनाही ही गाडी त्रेसष्ट वर्षांनी बाहेर काढता आली. आमच्यासारख्याने तेवढा वेळ घेतला तर त्यात नवल नाही. पण समाधान मानण्यासारखेही नाही.

असो. बंधूंच्या पत्राचे उत्तर पुरे करावयाचे होते. आम्ही उरलेल्या गोष्टी क्रमाने लिहिल्या. मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेकची जोडणी करून घ्या. दोन टनांचे ओझे केवळ पुढच्या गाडीच्या ब्रेकवर सोपवू नका आणि जोड तुटलाच तर मागची गाडी आपली आपण थांबेल अशी कळ बसवा. ओढदांडा शक्य तितका समपातळीत ठेवा. सुरक्षेच्या साखळ्या विसरू नका. मागच्या गाडीचे दिवे पुढच्याबरोबर लागले पाहिजेत. तिच्या चक्राचे कुलूप उघडे राहिले पाहिजे, नाहीतर वळणावर टायर फरफटतील. आणि ते उघडे ठेवताना बॅटरी उतरत नाही ना, तेही पाहा.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना लिहावयाची होती. चारही चाकांवर ओढली जाणारी गाडी मागे असताना पुढच्या गाडीला मागे जाता येत नाही. दोनचार हात मागे सरण्याचा प्रयत्न केला तरी मागच्या गाडीची पुढील चाके भलतीकडे वळतात, दांडा वाकतो, आकडा मोडतो. गल्ली चुकली, रस्ता बंद निघाला, तर उपाय एकच. खाली उतरावे, आकडा सोडावा, मागची गाडी तिच्या स्वतःच्या इंजिनावर, तिच्या स्वतःच्या चालकाने बाजूस न्यावी आणि मग मोठी गाडी वळवावी.

हे वाक्य लिहिताना आमची लेखणी थांबली. बदलीच्या नोकरीतील मराठी मनुष्य परमुलखात तीस वर्षे काढतो ती एका भरवशावर, की एक दिवस परत जावयाचे आहे. आम्हीही पुण्यास दोन खोल्यांची जागा घेऊन ठेवली आहे. निवृत्त झाल्यापासून ती कुलपात आहे. आमच्यामागे कारखान्याचे रूपही पालटले. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो आयुध कारखान्यांच्या मंडळातून निघून नव्या कंपनीकडे गेला. येथे आम्हांस धरून ठेवणारे काही उरलेले नाही. या पावसाळ्यानंतर पुण्यास जावयाचे असे आम्ही ठरविले होते. आम्ही, म्हणजे या निबंधातले आम्ही नव्हे, आम्ही एकट्यानेच. सौभाग्यवतींची हरकत नव्हती.

त्या ओसरीवर बसल्या होत्या. समोर दोन मुले वह्या घेऊन बसलेली. त्यांतल्या एकाचा बाप लहानपणी याच ओसरीवर अपूर्णांक शिकला. मुले जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग विचारले, "पुण्याला जायचे आहे की नाही, हे तुम्ही सांगा. हरकत विचारत नाही. तुमच्या मनात काय आहे ते विचारतो."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आज का विचारता?"

आम्ही टेबलावरचा कागद दाखविला. मागे जाण्याविषयीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. "मला दोन दिवस द्या," असे म्हणून त्या आत गेल्या.

दोन दिवस झाले, चार झाले, आठवडा झाला. उत्तर आलेले नाही आणि आम्ही स्मरणपत्र पाठविलेले नाही. आयुष्यभर ज्यांना उत्तर तयार करून दिले, त्यांना प्रश्नाशी ओळख करून घेण्यास वेळ लागणारच. पुण्याच्या जागेच्या रंगकामाचे आम्ही तूर्त थांबविले आहे.

बंधूंना मात्र पत्र धाडले. गाडीच्या निवडीविषयी जे कळले ते सर्व लिहून शेवटी इतकेच लिहिले की, मोटारघर तुम्ही चालविणार हे उघड आहे. म्हणजे पिकअप बहुतेक वेळा जाऊबाईंनाच चालवावी लागेल. तेव्हा ती त्यांना चालवून पाहू द्या, कोणती घ्यावयाची ते त्यांनाच ठरवू द्या, आणि तिच्या किल्लीची एक जोडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याजवळ असू द्या. पाकीट चिकटविण्यापूर्वी सौभाग्यवतींनी ते मागून घेतले आणि आपल्या धाकट्या जाऊबाईंसाठी म्हणून एक वेगळी चिठ्ठी आत घातली. तिच्यात काय लिहिले आहे ते आम्ही वाचले नाही.